घरचा बर्गर आणि खिम्याचे मशीन

प्रश्न: आमची लेक अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. जावई तिथे रीतसर परवाना काढून हरणाची शिकार करतात, घरीच मशीनवर खिमा करतात आणि त्याचे बर्गर करतात. यंदा आम्ही उभयता तिकडे गेलो असताना ह्यांना ते फार आवडले. मुंबईत परतल्यावर मी बोकडाच्या खिम्याचे करून पाहिले, पण ते कोरडे झाले आणि तव्यावर फुटले. अंडे आणि पावाचा चुरा घातला तेव्हा टिकले, पण चव कटलेटची आली. नाताळात जावई येणार आहेत. थोडा गोठवलेला हरणाचा खिमा आणि त्यांचे जुने विजेचे मशीन घेऊन येऊ का, असे ते विचारतात. आणू द्यावे, की इथेच एखादे मशीन घ्यावे? मिक्सरवर भागणार नाही का? आम्ही घरात चौघे आहोत आणि स्वयंपाकघर लहान आहे.
— एक वाचक भगिनी, माहीम

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन प्रश्नांना नकारच द्यावा लागणार आहे, म्हणून ते आधी संपवतो. हरणाचा खिमा जावयांनी सामानातून आणू नये. परदेशातून मांस किंवा मांसाचे पदार्थ भारतात आणण्यासाठी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परवाना लागतो, आणि घरच्यांसाठी प्रेमाने आणलेल्या दोन पाकिटांना तो कोणी काढत नाही. तेव्हा ती पाकिटे विमानतळावरच जप्त होतील आणि जावयांना उगाच खुलासे देत बसावे लागेल. इथे हरिण मिळवण्याचा विचार तर मनातही आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा जसा गुन्हा आहे, तसेच त्यांचे मांस विकणे, विकत घेणे आणि नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. कोकणातून येणारा एखादा ओळखीचा माणूस ‘गावचे आहे’ असे सांगून पिशवी पुढे करील, तर ती हसून परत करावी.

विजेचे मशीनही तिथेच राहू द्यावे. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. नुसती पिन बदलून ते यंत्र आपल्या प्लगला लावले तर मोटर जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. परंतु खिम्याची मोटर सुरू होताना आणि मांस अडकल्यावर नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह ओढते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मोटरच्या वॅटपेक्षा दुप्पट क्षमतेचा तरी घ्यावा लागतो, आणि असे धूड आपल्या स्वयंपाकघरात ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतोच. शिवाय ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मोठ्या मशीनमध्ये इंडक्शन मोटर असेल, तर ती इथे सुमारे एक षष्ठांश मंद फिरेल आणि अधिक तापेल. हा सगळा खटाटोप वर्षातून काही वेळा बर्गर करण्यासाठी करू नये.

जावयांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती त्यांची पद्धत. रानातल्या हरणाच्या मांसात चरबी अगदी कमी असते, आणि जी असते ती मेणचट, तोंडात राहणारी आणि उग्र वासाची. म्हणून तिकडचे जाणकार शिकारी ती चरबी, पांढरे पापुद्रे आणि शिरा खरवडून टाकून देतात आणि खिमा करताना डुकराची किंवा गाईबैलाची चरबी शेकडा १० ते २० या प्रमाणात बाहेरून घालतात. आपल्या बोकडाचे मटण याच बाबतीत हरणाचे भावंड आहे. बोकडाची चरबी पोटात, गुर्द्याभोवती आणि कातडीखाली साठते. मांसाच्या धाग्यांमध्ये ती जवळजवळ नसते. आपण बहुधा मांडीचा, ‘चांगला, चरबी नसलेला’ खिमा मागून आणला असावा. रस्सा किंवा खिमा-मटार करताना ती निवड ठीक आहे, कारण तिथे तेल, कांदा आणि पाणी मदतीला असतात. बर्गरच्या टिक्कीला स्वतःच्या चरबीखेरीज कोणी वाली नाही. चरबी नसली की कोरडे धागे आवळून रस बाहेर फेकतात आणि टिक्की चिरते. अंडे आणि चुरा यांनी ती चीर बुजते खरी, पण मग तो कटलेटच होतो. कटलेट हा उत्तम पदार्थ आहे. मात्र आपण विचारले आहे बर्गरबद्दल.

तेव्हा मशीनच्या आधी खाटकाकडे जाऊ. एक किलो खिम्यासाठी साधारण ८५० ग्रॅम मांस आणि १५० ग्रॅम चरबी असे प्रमाण धरावे. आवडल्यास पुढच्या वेळी चरबी २०० ग्रॅमपर्यंत न्यावी. मांस खांद्याचे आणि मानेचे घ्यावे. चरबी मागताना थोडी गुर्द्याभोवतीची आणि थोडी सीन्यावरची अशी मिसळून घ्यावी, कारण गुर्द्याची चरबी थंड असताना ठिसूळ असते आणि सुरेख दळली जाते, परंतु एकट्या तिचा वास काहींना जास्त वाटतो. मेंढीचे मटण मिळत असेल तर अधिकच चांगले, कारण त्यात मुळातच चरबी जास्त असते. पुण्याकडे बोल्हाईचे भक्त बोकड खात नाहीत म्हणून तिथे ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्यांखाली मेंढीचेच मटण मिळते. मुंबईत मात्र खाटकाला स्पष्ट विचारून घ्यावे लागते. कोणतीच चरबी मनासारखी मिळाली नाही, तर घट्ट गोठवलेले लोणी किसून दळलेल्या खिम्यात हलक्या हाताने मिसळावे. ही पळवाट आहे, पण चालण्यासारखी आहे.

खाटकाला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. हाडे सुरीने सोडवून द्यायची, सत्तूरने तोडायची नाहीत. सत्तूरच्या घावाने हाडाच्या बारीक किरचा मांसात शिरतात आणि त्या मशीनचे पातेही मोडतात आणि खाणाऱ्याचे दातही. आणि खिमा त्याच्या मशीनवर करून घ्यायचा नाही. त्याच्या मशीनच्या नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचे काही ना काही उरलेले असते, ते सकाळपासून किती वेळ तिथे आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि आपल्याला हव्या त्या प्रमाणात चरबी तो मोजून घालणार नाही. घरी दळण्याचे खरे कारण हेच आहे.

घरी आणल्यावर मटण धुण्याची आपल्याकडे पद्धत आहे. धुवायचेच असेल तर अख्खे तुकडे हलकेच धुवावेत आणि स्वच्छ कोरड्या फडक्याने किंवा कागदाने टिपून अगदी कोरडे करावेत. खिमा चाळणीत घालून नळाखाली धरणे मात्र पूर्ण सोडावे. त्याने चव वाहून जाते, पाणी आत राहते आणि टिक्की तव्यावर भाजण्याऐवजी शिजत बसते.

आता मशीन. मिक्सरवर भागणार नाही. मिक्सरचे पाते मांस कापण्यापेक्षा झोडपते जास्त, भांडे तापते आणि चरबी वितळून सगळ्याचा चिकट लगदा होतो. शामी कबाबसाठी शिजवलेले मांस वाटायला तो ठीक, कच्च्या मांसाला नाही. फूड प्रोसेसर घरात असेल तर त्याने काम निभावते, पण अर्धवट गोठवलेले मांस मूठमूठ घालून, बटण क्षणभर दाबून सोडून, असे संयमाने करावे लागते आणि दाणा एकसारखा येत नाही.

चौघांच्या घरासाठी, एका वेळी अर्धा ते एक किलो खिमा करायचा असताना, हाताने फिरवायचे मशीन पुरेसे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते आवाज करत नाही, तापत नाही, आणि दुपारी शेजारची बेल वाजत नाही. बाजारात ते नंबरावर मिळते: ५, ८, १०, १२, २२, ३२. नंबर वाढतो तसा तोंडाशी बसणाऱ्या जाळीचा व्यास वाढतो. ८ नंबरची जाळी सुमारे ६२ मिलिमीटर, १२ नंबरची सुमारे ७० आणि ३२ नंबरची सुमारे १०० मिलिमीटर असते. आपल्याला ८ किंवा १० पुरे. ५ नंबरची नळी इतकी अरुंद असते की मांस ढकलताना हात भरून येतो, आणि २२ च्या पुढचे मशीन हॉटेलवाल्यांचे. प्लास्टिकचे, तळाला रबरी चूषक असलेले मशीन घेऊ नये. भाजीपाल्याला ते चालते; मटणाची एखादी शीर अडकली की पूर्ण यंत्रच ओट्यावरून उठते.

बिडाचे, कल्हई केलेले मशीन स्वस्त आणि दणकट असते, पण आपण समुद्राकाठी राहतो. कल्हई झिजली की मुंबईची दमट हवा पावसाळ्यात त्यावर गंज चढवायला वेळ लावत नाही. जमत असेल तर स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. जाळी आणि पाते मात्र कोणत्याही मशीनमध्ये बारकाईने पाहावे, कारण कापण्याचे सारे काम त्या दोघांच्या जोडीचे असते. नळीत फिरणारे मळसूत्र मांस नुसते पुढे ढकलते. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या किंवा दादरच्या भांड्यांच्या दुकानात उभ्या उभ्या एवढे करावे: चार पात्यांची सुरी जाळीवर सपाट बाजूने ठेवून उजेडाकडे धरावी. मधून प्रकाशाची रेघ दिसली, तर पाते किंवा जाळी वाकडी आहे आणि ते मशीन मांस कापणार नाही, चिरडील. दुकानदार कुरकुरला तरी दुसरे उघडून पाहावे. जाळ्या दोन लागतात, एक ८ मिलिमीटर भोकांची आणि एक साडेचार मिलिमीटरच्या आसपासची. बहुतेक मशीनसोबत एकच येते, म्हणून दुसरी तिथेच मागून घ्यावी.

एक अडचण दुकानात कोणी सांगत नाही. हातमशीन खालच्या स्क्रूने ओट्याच्या कडेला आवळायचे असते, आणि आपल्या हल्लीच्या ओट्यांना ग्रॅनाइटची जाड दुहेरी कड असते, खाली ट्रॉल्या असतात. स्क्रूला पकडायला जागाच उरत नाही. घरून निघण्यापूर्वी कडेची जाडी आणि खालची मोकळी जागा पट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावी. ओट्यावर बसत नसेल तर जेवणाच्या लाकडी टेबलावर बसेल. वर आणि खाली रबराचा तुकडा ठेवला म्हणजे मशीन सरकत नाही आणि टेबलावर वळही उठत नाहीत.

तरीही विजेचेच हवे असेल, आपल्या किंवा यजमानांच्या खांद्याची तक्रार असेल, तर जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला भुलू नये. खोक्यावर छापलेले २००० वॅट हे बहुधा मोटर अडकल्यावर ती क्षणभर जे ओढते त्याचे माप असते. यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा खरा, आणि घरगुती कामाला तिथे ३०० ते ५०० वॅट पुरतात. नळी आणि मळसूत्र धातूचे असावे, आतले दातेरी चाक सुटे मिळते का हे विचारावे, आणि सलग किती मिनिटे चालवायचे हे माहितीपत्रकात वाचावे, कारण अशी बरीच यंत्रे काही मिनिटांनी थांबवून थंड करावी लागतात. उलट फिरवण्याचे बटण असले तर अडकलेली शीर सोडवायला फार उपयोगी पडते.

कोणतेही मशीन घेतले तरी मुंबईत खिमा बिघडतो तो उष्णतेने, आणि या एका मुद्द्यावर मी थोडा हट्टी आहे. विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा हंगाम थंडीचा. तिथे गॅरेजचा फ्रीज होतो. आपल्या स्वयंपाकघरात डिसेंबरातही हवा तीस अंशांच्या जवळ असते. चरबी मऊ पडली की पाते तिला कापत नाही, मांसावर सारवते. जाळीतून वेगवेगळ्या तांबड्या-पांढऱ्या शेवयांऐवजी गुलाबी मलम बाहेर येते, आणि त्या मलमाची टिक्की सगळी चरबी तव्यात सोडून चामट होते. म्हणून मांस आणि चरबी यांचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करावेत, पापुद्रे व शिरा काढाव्यात, तुकडे एकमेकांना न चिकटतील असे स्टीलच्या ताटात पसरून फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावेत. बाहेरून कडक आणि आत दाबल्यास किंचित मऊ, इतपत झाले की तयार. सोबत मशीनची नळी, मळसूत्र, पाते आणि जाळी हेही फ्रीझरमध्ये जाऊ द्यावे. खालचे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि काम आटपेपर्यंत वातानुकूलित खोलीत टेबल मांडता आले तर संकोच करू नये.

पाते बसवताना त्याची सपाट बाजू जाळीकडे असली पाहिजे. उलटे बसवले की मशीन नुसते पिठूळ करते, आणि ‘मशीन खराब निघाले’ या तक्रारींत हे कारण पुष्कळदा असते. तोंडाची कडी हाताने घट्ट करावी. रिकामे मशीन फिरवू नये, धातूवर धातू घासून धार जाते. आधी ८ मिलिमीटरच्या जाळीतून मांस आणि चरबी आलटून पालटून घालावी, मग ताट पुन्हा पंधरा-वीस मिनिटे फ्रीझरमध्ये, आणि त्यानंतर बारीक जाळीतून. मध्येच खिमा लगद्यासारखा येऊ लागला तर जोर न लावता मशीन उघडावे: दहापैकी नऊ वेळा पात्याभोवती शीर गुंडाळलेली सापडते. ती काढावी आणि पुढे जावे.

दळलेल्या खिम्यात मीठ घालून मळू नये. मिठाने मांसातील प्रथिने सुटतात, मळल्याने ती एकमेकांना धरतात, आणि सीख कबाबला हवा असलेला तो ताण बर्गरला रबरी करतो. १२० ते १५० ग्रॅमचे गोळे हलक्या हाताने थापावेत, पावापेक्षा बोटभर रुंद, मध्ये अंगठ्याने खळगा करून, कारण भाजताना कडा आकसून मधला भाग फुगतो. मीठ आणि मिरपूड तव्यावर टाकण्याच्या क्षणी, वरून. तवा बिडाचा आणि चांगला तापलेला असावा; एकदाच उलटावे आणि कालथ्याने दाबू नये. बोकडाची किंवा मेंढीची चरबी ताटात गार झाली की पटकन थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून पाव आधी भाजून, ताटल्या कोमट करून, मंडळींना आधी बसवावे. पाव बेकरीतला मऊ गोल बन घ्यावा. ब्रून इथे उपयोगाचा नाही, चावताना टिक्की मागून निसटते.

आतून गुलाबी ठेवण्याचा मोह टाळावा. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात आणि तव्याच्या आचेने मरतात. दळताना तेच जंतू सगळ्या खिम्यात मिसळतात, म्हणून खिम्याचा पदार्थ मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. चरबी नीट घातली असेल तर एवढे शिजूनही टिक्की ओलसर राहते. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. फ्रीझरमध्ये, टिक्क्यांच्या मध्ये बटर पेपर घालून, तीन-चार महिने चांगला राहतो.

तिकडे जे खाल्ले त्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण पुन्हा जाणार असाल म्हणून लिहितो. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये २००२ पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आढळतो. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु त्याला कारणीभूत असलेला घटक शिजवून नष्ट होत नाही, म्हणून रोग असलेल्या भागातील हरिण तपासून घ्यावे आणि रोग निघाल्यास खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांबवर पसरतात आणि खिम्यात मिसळतात, म्हणून जखमेभोवतीचे मांस हात सैल सोडून काढून टाकावे लागते. जावई हे सारे बहुधा जाणत असतील; विचारण्यात वावगे नाही.

काम झाल्यावर मशीन लगेच सुटे करावे. शेवटी पावाचा एक तुकडा फिरवला की नळीतले उरलेले मांस त्याच्यासोबत बाहेर येते. सर्व भाग गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, पुसून, उन्हात किंवा मंद गॅसजवळ पूर्ण कोरडे करावेत, आणि पाते व जाळी यांना खाण्याच्या तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळावे. धार बोथट झाली तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून अंथरावा आणि पाते व जाळी त्यावर गोल गोल घासावी; दोन्ही पृष्ठभाग एकसारखे चमकले की झाले.

जावयांना रिकाम्या हाताने यायला सांगणे बरे दिसणार नाही, म्हणून त्यांच्याकडून मांसात टोचायचा डिजिटल थर्मामीटर मागवावा. तो बॅटरीवर चालतो, त्यामुळे व्होल्टचा प्रश्न येत नाही. फक्त फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर बदलता येतो ना, एवढे घेताना पाहायला सांगावे, आणि टिक्कीत तो वरून न खुपसता बाजूने, मध्यापर्यंत घालावा.